दूध ओघळताना दिसत असूनही ‘प्यायला’ असे मी का म्हणाले?

रानजाई (प्रश्न)

नमस्कार. हा प्रश्न तीस वर्षांपूर्वीच्या एका दुपारचा आहे. तो आज विचारते आहे, कारण गेल्या आठवड्यात माझ्या मुलीने नकळत तो माझ्यासमोर पुन्हा आणून ठेवला.

२१ सप्टेंबर १९९५ हा गुरुवार होता. मी दहा वर्षांची होते आणि आम्ही सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहत होतो. पितृपंधरवडा चालू असल्यामुळे देवळात फारशी वर्दळ नव्हती. आमच्या आळीत एकाच घरी फोन होता. दुपारी तिथे मुंबईहून फोन आला की दिल्लीत पहाटेपासून गणपती दूध पितो आहे, मुंबईतही पितो आहे, तुमच्याकडे पाहून या. तासाभरात देवळापासून एसटी स्थानकापर्यंत रांग लागली. आई, मी आणि माझा थोरला भाऊ त्या रांगेत दीड तास उभे होतो. दर्शन घेऊन परत येणारा प्रत्येक जण एकच गोष्ट सांगत होता, आणि ती सांगताना प्रत्येकाचा चेहरा उजळलेला होता.

माझी पाळी आली तेव्हा पुजाऱ्यांनी माझा हात धरून दुधाने काठोकाठ भरलेली पळी सोंडेला टेकवली. पळीतले दूध हळूहळू कमी झाले, हे खरे आहे. मात्र मी उंचीने लहान होते आणि माझे डोळे मूर्तीच्या पोटाच्या पातळीवर होते. त्या पोटावरून एक पातळ ओघळ खाली जाताना मला स्पष्ट दिसला आणि खालच्या ताम्हनात तो साचत होता, हेही दिसले. तेवढ्यात मागून कोणीतरी विचारले, “प्यायला का गं?” आणि मी म्हणाले, “हो, प्यायला.” कोणी दटावले नव्हते, भीती घातली नव्हती. घरी गेल्यावर आजीला, दुसऱ्या दिवशी शाळेत मैत्रिणींना मी तेच सांगितले, आणि सांगता सांगता तो ओघळ माझ्या आठवणीतून जवळजवळ पुसला गेला.

आता मुलीचे. ती सातवीत आहे. वर्गात बाईंनी विचारले की तीन अष्टमांश मोठा की दोन पंचमांश. तिने वहीत छेद समान करून दोन पंचमांश मोठा, असे बरोबर उत्तर काढले होते. बाईंनी हात वर करायला सांगितले तेव्हा जवळजवळ सगळा वर्ग तीन अष्टमांशाच्या बाजूने होता, आणि हिनेही हात त्यालाच वर केला. वहीत बरोबर उत्तर आणि हात चुकीच्या उत्तराला, असे का, म्हणून मी विचारले. ती म्हणाली, “सगळ्यांनी तेच सांगितलं, मग मला वाटलं माझंच काहीतरी चुकलं असेल.”

तेव्हा मला जाणून घ्यायचे आहे ते असे. त्या दिवशी मी खोटे बोलले, की इतक्या लोकांच्या सांगण्यामुळे मला खरोखरच तसे दिसले? या दोन गोष्टींत फरक असेल, तर मुलीशी कोणत्या गोष्टीविषयी बोलायला हवे? श्रद्धा बरोबर की चूक, हा वाद मला इथे नको आहे. माझ्या आईची श्रद्धा त्या दुधावर अवलंबून नव्हती.


खडू-फळा

आपला प्रश्न वाचून मला राहवले नाही, कारण त्या गुरुवारी मीही एका देवळाच्या रांगेत उभा होतो. मी एकतीस वर्षे माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवले आहे.

आधी ओघळाविषयी सांगतो. आपण पाहिलेत ते बरोबर होते. पळी काठोकाठ भरली की दुधाचा पृष्ठभाग कडांच्या किंचित वर फुगलेला असतो आणि पृष्ठताणामुळे तो सांडत नाही. त्या फुगवट्याला सोंडेचा स्पर्श झाला की दूध दगडाला चिकटते, पातळ थर होऊन मूर्तीच्या अंगावरून खाली उतरू लागते आणि मागचे दूध ओढून नेते. दूध कमी होईल तसा धरणाऱ्याचा हात त्याच्या नकळत पळी थोडी थोडी तिरकी करत राहतो, त्यामुळे प्रवाह चालू राहतो. संगमरवर पांढरा, दूधही पांढरे, आणि पाहणाऱ्याची नजर पळीवर खिळलेली. खालचा ओघळ कोण पाहणार? दिल्लीत केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून पाहिला, तेव्हा मूर्तीच्या अंगावरून खाली आलेली रंगीत रेघ सर्वांना दिसली. आपली उंची कमी होती म्हणून आपल्याला रंगाविनाच ती दिसली.

सोमवारी, २५ तारखेला, मी वर्गात चिनी मातीचा एक हत्ती नेला, दुधात कुंकू कालवले आणि मुलांना एकेक करून चमचा धरायला लावला. पांढऱ्या हत्तीच्या छातीवरून लाल रेघ उतरली तेव्हा वर्ग एकदम शांत झाला. मग शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, हा हत्ती प्यायला नाही, पण आमच्या घरचा गणपती खरंच प्यायला.” त्याला मी त्या दिवशी पृष्ठताण पुन्हा समजावून सांगितला. आज वाटते की त्याला पृष्ठताण समजला होता. त्याच्या घरातल्या सहा-सात माणसांनी जे एकमुखाने सांगितले, त्याच्या विरुद्ध वर्गात उभे राहून बोलणे त्याला जड जात होते, आणि ती अडचण मी सोडवलीच नाही.

कारण माझ्याकडेही तिचे उत्तर नव्हते. गुरुवारी संध्याकाळी मी माझ्या आईबरोबर रांगेत होतो. मूर्ती दूध का ‘पिते’ हे मला घरून निघण्यापूर्वीच पुरते ठाऊक होते. केशाकर्षण आणि पृष्ठताण हे धडे मी दरवर्षी शिकवत असे. तरीही रांगेतल्या एकाही माणसाला मी ते सांगितले नाही. पुढच्या गृहस्थांनी वळून “काय सर, पाहिलंत ना?” असे विचारले, तेव्हा मी मान डोलावली. त्या गावात विज्ञानाचा शिक्षक म्हणून लोक मला ओळखत होते, आणि सरांनी मान डोलावली ही बातमी किती जणांपर्यंत गेली असेल, याचा विचार मी नंतर पुष्कळ वेळा केला आहे.


अनुमान

मी मानसशास्त्र शिकवते, म्हणून रानजाई यांच्या पहिल्या प्रश्नाकडे थेट वळते. ‘खोटे बोलले की तसे दिसले’ हा प्रश्न सॉलोमन अॅश या मानसशास्त्रज्ञाने अगदी याच स्वरूपात विचारला होता.

अॅश यांचा जन्म १९०७ मध्ये वॉर्सात एका ज्यू कुटुंबात झाला. त्यांनी स्वतः सांगितलेली बालपणीची एक हकिगत अशी आहे. वल्हांडण या ज्यू सणाच्या रात्री घरात एलीया संदेष्ट्यासाठी मद्याचा एक जास्तीचा प्याला भरून ठेवतात. सात वर्षांच्या अॅशने शेजारी बसलेल्या काकांना विचारले की तो खरेच येऊन घोट घेईल का, आणि काका म्हणाले की वेळ आली की नीट पाहा. मुलाने टक लावून पाहिले आणि त्याला वाटले की प्याल्यातली पातळी खरोखरच किंचित खाली गेली. रानजाई, तुमची पळी आणि त्यांचा प्याला यांत किती साम्य आहे, हे पाहून मी तुमचा प्रश्न दोनदा वाचला.

पुढे अमेरिकेत, १९५० च्या सुमारास, त्यांनी जो प्रयोग केला तो मोठा साधा होता. एका कार्डावर एक रेघ आणि दुसऱ्यावर तीन. तिघींपैकी कोणती पहिलीएवढी लांब आहे, ते मोठ्याने सांगायचे. खोलीत सात-आठ विद्यार्थी असत, पण त्यांपैकी एकच खरा, बाकीचे सगळे आधी पढवलेले. अठरा फेऱ्यांपैकी बारा फेऱ्यांत हे पढवलेले विद्यार्थी एकमुखाने चुकीचे उत्तर देत, आणि खऱ्या विद्यार्थ्याची पाळी शेवटी किंवा शेवटच्या आधी येई. एकट्याने उत्तर देताना ज्या रेघांबाबत शंभरातून एखादीही चूक होत नसे, तिथे या बारा फेऱ्यांतल्या सुमारे ३७ टक्के उत्तरांत खऱ्या विद्यार्थ्यांनी इतरांच्या चुकीची री ओढली. जवळजवळ तीन चतुर्थांश जणांनी निदान एकदा तरी तसे केले. सुमारे एक चतुर्थांश मात्र एकदाही वळले नाहीत, हेही विसरू नये.

अॅश तिथे थांबले नाहीत. त्यांनी प्रत्येकाशी नंतर सविस्तर बोलून, त्याच्या मनात काय घडले ते विचारले, आणि त्यातून तीन प्रकारची माणसे पुढे आली. अगदी थोड्या जणांना चुकीची रेघ खरोखरच बरोबर दिसू लागली होती. बहुतेकांना रेघ नीट दिसत होती, पण इतके जण चुकतील कसे, माझीच नजर कुठेतरी फसत असेल, असे त्यांनी मनाशी ठरवले होते. उरलेल्यांना इतर चुकत आहेत हे कळत होते, तरी वेगळे पडायला नको म्हणून ते तेच उत्तर देत होते.

या तिघांत तुमची मुलगी दुसऱ्या गटातली आहे. तिचे वाक्य त्या विद्यार्थ्यांनी दिलेल्या खुलाशांसारखेच आहे. खडू-फळा सर तिसऱ्या गटातले, आणि त्यांनी ते मोकळेपणाने सांगितले याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो. तुम्ही स्वतः, माझ्या मते, देवळात तिसऱ्या गटात होतात आणि घरी पोहोचेपर्यंत पहिल्या गटाकडे सरकू लागला होतात. म्हणजे जे डोळ्यांनी बदलले नाही, ते बोलण्याने बदलले. ‘प्यायला’ हे आपण मोठ्याने म्हटलेले वाक्य आपल्यालाच ऐकू येते आणि पुढच्या वेळी आठवताना दृश्याच्या जागी ते वाक्यच उभे राहते. म्हणून ‘मी खोटे बोलले का’ या प्रश्नाला मी इतकेच म्हणेन की त्या क्षणी तुम्ही खरे सांगितले नाहीत, आणि नंतर तुम्हाला खरे काय ते नीटसे आठवत नव्हते.

आता मुलीसाठी उपयोगी पडेल असा भाग. अॅश यांनी प्रयोगात दोन बदल करून पाहिले. पढवलेल्यांपैकी एकाला त्यांनी खरे उत्तर द्यायला सांगितले, तेव्हा चुकीची री ओढण्याचे प्रमाण जवळजवळ चौथ्या हिश्शावर आले. दुसऱ्या बदलात खऱ्या विद्यार्थ्याला उत्तर मोठ्याने न सांगता कागदावर लिहायला सांगितले, तेव्हाही ते प्रमाण पुष्कळच घटले. विरोधात तीन माणसे असोत की पंधरा, त्याने विशेष फरक पडत नव्हता. ती एकमुखी आहेत की नाहीत, यानेच फरक पडत होता. तुमच्या मुलीच्या वर्गात बाईंनी आधी वह्या पालथ्या ठेवायला सांगून मग वाचून दाखवायला लावले असते, तर तिचे दोन पंचमांश वाचले असते, आणि कदाचित ते लिहिलेली ती एकटीच मुलगी नसती.


ताळेबंद

वरच्या प्रतिसादांबद्दल आदर राखूनही एक मुद्दा वेगळा मांडतो. कळपाची मानसिकता म्हटले की आपण दुबळेपणा, भित्रेपणा, अविचार असे शब्द आपोआप वापरू लागतो. इतरांकडे पाहून निर्णय घेणे हे पुष्कळदा शहाणपणाचेच असते. अनोळखी गावात ज्या खाणावळीत गर्दी आहे तिथे आपण जेवतो, आणि बहुतेक वेळा जेवण चांगले मिळते. रानजाई यांच्या मुलीनेही एका अर्थाने समंजस हिशेब केला: चाळीस डोकी एका बाजूला आणि माझे एक डोके दुसऱ्या बाजूला, तर चूक माझी असण्याची शक्यता अधिक.

तो हिशेब फसतो कुठे, हे अभिजित बॅनर्जी यांनी १९९२ च्या एका निबंधात दाखवले आहे. त्यांना २०१९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले ते दारिद्र्यावरील कामासाठी; हा निबंध त्याच्या पुष्कळ आधीचा. त्यातले उदाहरण खाणावळींचेच आहे. शेजारी शेजारी दोन खाणावळी आहेत आणि पहिली किंचित बरी असावी असा सर्वांचा सर्वसाधारण समज आहे. शंभर माणसे एकामागून एक येतात आणि प्रत्येकाला स्वतःची अशी एक खूण मिळालेली असते, जी चुकीचीही असू शकते. समजा, शंभरांपैकी नव्याण्णव जणांना दुसरी खाणावळ चांगली असल्याची खूण मिळाली आणि एकालाच पहिली चांगली असल्याची. पण योगायोगाने तो एकटाच सर्वांत आधी आला. तो पहिलीत गेला. मागच्याने ते पाहिले. पुढच्याची खूण आणि आपली खूण एकमेकींना कापतात, राहिला सर्वसाधारण समज, तो पहिलीच्या बाजूने. म्हणून तोही पहिलीत गेला. तिसऱ्याला तर दोघे आत गेलेले दिसले. असे करत शंभरही जण पहिल्या खाणावळीत बसतात आणि दुसरी, जी खरोखर चांगली आहे, ती रिकामी राहते.

या गोष्टीत एकही मूर्ख नाही, हे ध्यानात घ्यावे. प्रत्येकाने आपल्याला दिसले त्यावरून ठीकच तर्क केला. मात्र दुसऱ्या माणसापासून पुढे प्रत्येकाने स्वतःची खूण खिशात ठेवली, आणि त्यामुळे शंभर माणसांच्या गर्दीत ज्ञान होते ते अवघ्या एका माणसाचे. त्या देवळाच्या रांगेतही हजार जण होते, म्हणून तुम्हाला वाटले की हजार साक्षी आहेत. प्रत्यक्षात साक्ष दिल्लीतल्या पहाटेच्या काही जणांची होती, आणि बाकीच्यांनी ती टेलिफोनवरून आपापल्या गावी नेली. त्याच दिवशी लंडनजवळच्या साउथॉलमधल्या देवळातही रांगा लागल्या होत्या. तेव्हा भारतात मोबाइल सेवा सुरू होऊन दोन महिनेही झाले नव्हते, आणि तरी एका दिवसात बातमी समुद्र ओलांडून गेली.

म्हणून व्यक्तिमत्त्व, स्वतंत्र विचार वगैरे मोठे शब्द मी बाजूला ठेवतो. मुलीला मी एवढेच सांगेन की तू हात वर करतेस तेव्हा तुझ्या मागे बसलेल्या मुलीसाठी तू एक पुरावा होतेस. तुझ्या वहीतले उत्तर वहीतच राहिले, तर तुझे नुकसान थोडे होते आणि वर्गाचे अधिक.


अनुमान

ताळेबंद यांचा मुद्दा मला मान्य आहे, फक्त एक भर घालते. त्यांच्या गोष्टीतली माणसे केवळ माहितीसाठी इतरांकडे पाहतात. अॅश यांच्या खोलीत माहितीची गरजच नव्हती. रेघ डोळ्यांपुढे होती. तिथे वेगळे पडण्याचे दुःख काम करत होते. ग्रेगरी बर्न्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये असाच प्रयोग मेंदूची चित्रे घेत घेत केला, तेव्हा गटाच्या विरोधात जाऊन स्वतःचे उत्तर देणाऱ्यांच्या मेंदूत भावनांशी, विशेषतः भीतीशी जोडलेला भाग अधिक सक्रिय झालेला आढळला. बरोबर उत्तर देतानाही माणसाला धास्ती वाटते. मुलीला हे आधीच ठाऊक असेल, तर छातीत धडधडले म्हणून आपण चुकतो आहोत, असा अर्थ ती लावणार नाही.


माळरान

आमच्या घरात तीन पिढ्या मेंढरे होती. दिवाळीनंतर वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, घेऊन माणदेशातून घाट उतरायचा, शेताशेतांत खतासाठी मेंढरे बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायचे, हे मी लहानपणी सहा वर्षे केले आहे. म्हणून ‘मेंढरासारखे वागणे’ हा शब्दप्रयोग जिथे तिथे येतो तेव्हा दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

ओढा ओलांडताना मेंढरे काठावर अडून राहतात. माझे वडील एक मेंढी उचलून पलीकडे नेऊन ठेवत, आणि मग मागचे सगळे खांड आपोआप पाण्यात उतरे. हे बाहेरून आंधळेपण वाटते. पण खांडात चालणाऱ्या मेंढीला पुढची वाट दिसतच नाही, तिला पुढच्या मेंढीची पाठ दिसते. पुढचीचे पाय टिकले, म्हणजे तिथे जमीन आहे, एवढेच तिला कळते, आणि एरवी ते पुरते. ज्या दिवशी पुरत नाही त्या दिवशी अनर्थ होतो. तुर्कस्तानात २००५ मध्ये एक मेंढी कड्यावरून गेली आणि तिच्यामागे सुमारे पंधराशे गेल्या. साडेचारशेच्या आसपास मेल्या, बाकीच्या खाली पडलेल्यांच्या ढिगावर पडल्या म्हणून वाचल्या.

दुसरी गोष्ट संध्याकाळची. वाड्यावर आल्यावर दिवसभर मागे ठेवलेली कोकरे सोडली की एकच गोंधळ उडतो, शेकडो आवाज एकदम. पाव तासात प्रत्येक कोकरू आपल्या आईखाली असते. दुसरीचे कोकरू आले तर मेंढी त्याला वास घेऊन ढकलून देते. दिवसभर एकमेकींच्या पाठीमागे चाललेल्या त्याच मेंढ्या आहेत या. जिथे तिचे स्वतःचे कोकरू आहे तिथे ती खांडाला विचारत नाही.


भरती-ओहोटी

देवळातल्या दुधाने कोणाचे फारसे बिघडले नाही, म्हणून आपण इतक्या शांतपणे बोलू शकतो. मला दोन वेगळ्या प्रसंगांविषयी लिहायचे आहे.

ऑगस्ट २००६ मध्ये माहीमच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी गोड झाले अशी बातमी पसरली. मी तेव्हा वांद्र्याला नोकरी करत होतो आणि १८ तारखेच्या रात्री मित्रांबरोबर तिथे गेलो. त्या खाडीत मिठी नदी येते, आणि मिठीत काय काय येते हे मुंबईकराला सांगावे लागत नाही. आदल्याच वर्षीच्या २६ जुलैला ती सगळ्यांनी दारात पाहिली होती. तरी लोक ओंजळी भरून पीत होते, बाटल्या भरून घरी नेत होते, लहान मुलांना पाजत होते. पावसाळ्यात गोडे पाणी मोठ्या प्रमाणावर खाडीत उतरून वर तरंगते, असा खुलासा तज्ज्ञांनी लगेच केला आणि पालिकेने पाणी पिऊ नका म्हणून सांगितले. मीसुद्धा एक घोट घेतला. तो मचूळ होता. मी म्हणालो, “गोड आहे.” माझ्या डोळ्यांपुढे एका बाईने ते ऐकून आपल्या मुलाला पाणी पाजले. मुलाला पुढे काही झाले की नाही, हे मला कधीच कळणार नाही. दोन-तीन दिवसांतच उत्तरेकडे देव पुन्हा दूध पिऊ लागल्याच्या बातम्या आल्या, आणि त्या वाचताना मला आपल्याच तोंडाला लागलेली ती मचूळ चव आठवत होती.

दुसरा प्रसंग १ जुलै २०१८ चा. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ग्रामपंचायतीच्या कार्यालयात मारून टाकले. ती भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसे होती, मंगळवेढ्याच्या बाजूची. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, हा संदेश त्याआधी कित्येक आठवडे व्हॉट्सअॅपवर फिरत होता. तो आमच्या इमारतीच्या गटातही आला होता. मी तो पुढे पाठवला होता. वर एक ओळ जोडली होती, “खात्री नाही, पण सावध राहिलेले बरे.” माझा संदेश राईनपाड्यापर्यंत गेला असेल असे मी म्हणत नाही. पण तो संदेश माझ्यासारख्याच, खात्री नसलेल्या माणसांच्या हातांतून गेला. त्या महिन्यातच व्हॉट्सअॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. ती मर्यादा माझ्या मनात आधी का नव्हती, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

ताळेबंद म्हणतात की त्या गोष्टीत एकही मूर्ख नाही. कबूल आहे. पण ‘खात्री नाही’ एवढे मोठ्याने म्हणून तिथेच थांबायला हवे होते, आणि ते मला येत असूनही मी केले नाही. म्हणून त्याला केवळ हिशेबातली चूक म्हणून सोडून देणे मला जमत नाही. बाजाराच्या त्या गर्दीतही कोणाला तरी शंका आली असेलच, असे मी धरून चालतो.


रानजाई

सर्वांचे मनःपूर्वक आभार. भरती-ओहोटी यांचा प्रतिसाद वाचल्यावर मी दोन दिवस काही लिहू शकले नाही. त्या बाईचा आणि मुलाचा उल्लेख मनातून जात नाही.

अनुमान यांनी सांगितलेला रेघांचा प्रयोग मी मुलीला सांगितला. तिने लगेच विचारले की जे एक चतुर्थांश एकदाही वळले नाहीत, त्यांना भीती वाटली नव्हती का. मी सांगितले की वाटली असणार. मग ती बराच वेळ गप्प होती. काल तिने बाईंना विचारले की पुढच्या वेळी हात वर करण्याआधी सगळ्यांनी वहीत लिहून वह्या मिटून ठेवल्या तर चालेल का, आणि बाई हो म्हणाल्या. त्या दिवशी आणखी कोणाच्या वहीत दोन पंचमांश होते का, हेही तिने मधल्या सुट्टीत विचारून पाहिले. तिच्याखेरीज चौघींच्या वहीत होते.

ते ऐकल्यावर मी रात्री माझ्या भावाला फोन केला. तो त्या रांगेत माझ्या मागेच होता आणि तेव्हा तेरा वर्षांचा होता. इतक्या वर्षांत आम्ही त्या दुपारविषयी कधी बोललो नव्हतो. मी विचारले, “दादा, तुला काय दिसलं होतं?” तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला की त्याची पळी टेकवताना हात थरथरला, आणि दूध मूर्तीवरून त्याच्याच शर्टाच्या बाहीवर आले होते. घरी गेल्यावर आईने बाही का ओली आहे असे विचारले, तेव्हा त्याने पाण्याचा तांब्या कलंडला म्हणून सांगितले आणि मोरीत जाऊन शर्ट स्वतःच धुतला. मी विचारले, “मला का नाही सांगितलंस?” तो म्हणाला, “तू तर माझ्या पुढं होतीस. मी ‘प्यायला का गं’ विचारलं, तर तू हो म्हणालीस.”

मागून विचारणारा तो होता, हे मला काल कळले.